सुट्टीत शाळेचं गेट उघडा : शहरांतल्या संस्थाचालकांना आणि मुख्याध्यापकांना खुलं पत्र

सन्माननीय संस्थाचालक आणि मुख्याध्यापक महोदय,

सप्रेम नमस्कार.

१ मेचं झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटून झाली की शाळेच्या गेटला जे कुलूप लागतं ते १५ जूनच्या आसपासच निघतं. विदर्भात उन्हामुळे आणखी आठवडाभर उशिरा. या दीड महिन्यात पोरांचं करायचं काय, हा घोर आम्हा पालकांना एप्रिलच्या मध्यापासूनच लागलेला असतो. माझ्या मते त्याचं निम्मं उत्तर तुमच्या शिपायाच्या कमरेला लटकणाऱ्या चाव्यांच्या जुडग्यात आहे. म्हणून हे पत्र.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल. सुट्टीत रोज सकाळी सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते सात शाळेचं मैदान आसपासच्या मुलांसाठी उघडं ठेवा. पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह चालू ठेवा. आणि पुस्तकांची कपाटं सुट्टी लागायच्या आधी रिकामी करा. एवढंच. शिबिर नको, शिक्षकांची ड्यूटी नको, पाहुणे बोलावून बक्षीस समारंभ तर नकोच नको.

मुलांना रमवायला पैसे लागत नाहीत, हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. नाही लागत, कबूल. पण जागा लागते, दुसरी मुलं लागतात आणि हाकेच्या अंतरावर एखादं मोठं माणूस लागतं. हे तिन्ही असलं की बाकी काही सुचवावं लागत नाही, पोरं स्वतःच सुचवतात. आणि यातलं एक जरी नसलं, तर तेच मूल अर्ध्या तासाने येऊन ‘आई, बोअर होतंय’ म्हणत मोबाइलकडे हात करतं. सुट्टीतल्या स्वस्त करमणुकीच्या ज्या याद्या दरवर्षी फिरत असतात, त्यांत कागदाची फुलं असतात, ठसेकाम असतं, मैद्याची खळ असते, घरच्या घरी कठपुतळ्या असतात. यादी करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण शेवटी ती सगळी कामं आईच्या अंगावर पडतात. पोराला अर्धा तास रमवण्यासाठी तिने दीड तास मांडामांड करायची आणि मग फरशीवरची खळ खरवडत बसायची. ज्या घरात दोघं कमावतात, त्या घरात हे कुणी करायचं?

पूर्वी याचं उत्तर ‘मामाकडे पाठवा’ असं होतं. आमच्या मुलांचा मामा उल्हासनगरला दोन खोल्यांत राहतो आणि त्याची मुलं आमच्याकडे कधी पाठवू, असं विचारत असतो.

दुसरं उत्तर विकतचं. एप्रिलमध्ये कल्याणच्या कुठल्याही चौकात उभं राहिलं की फलक दिसतात. रोबोटिक्स, अबॅकस, स्केटिंग, व्यक्तिमत्त्व विकास. सात वर्षांच्या मुलाच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास दहा दिवसांत कसा होतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही, पण फी हजारांत असते हे समजलं आहे. दोन मुलं असतील तर दुप्पट. एवढं देऊन दहा-पंधरा दिवस जातात, पुढचा महिना पुन्हा आपल्याच गळ्यात. यातलं मला सर्वांत खटकतं ते वेगळंच. यातली काही शिबिरं तुमच्याच मैदानांवर भरतात. म्हणजे मैदान सुट्टीत उघडू शकतं, गेटवर माणूस बसू शकतो, पाणी येऊ शकतं. मधे कंत्राटदार आणि पावतीपुस्तक असलं म्हणजे झालं. ज्या मुलाने वर्षभर त्याच मैदानावर प्रार्थनेला रांग लावली, त्याला मे महिन्यात तिथे पाय ठेवायला वेगळे पैसे भरावे लागतात.

सहली वगैरे आम्ही करतोच. कल्याणहून लोकल पकडून भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाणं अजूनही मध्यमवर्गाला परवडतं. डबा घरून न्यायचा, बुधवारी बाग बंद असते एवढं ध्यानात ठेवायचं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांनाही. म्हणजे आई आणि दोन मुलं मिळून दीड तिकिटात टिटवाळा नाही तर मुरबाड करून येतात. पण राणीची बाग सुट्टीत एकदा होते, फार तर दोनदा. मी सांगतेय ते उरलेल्या दिवसांबद्दल.

माझा शिवणाचा गाळा एका शाळेच्या समोरच आहे. पिको-फॉल, ब्लाउज, फ्रॉक. मे म्हणजे लग्नसराई, मान वर करायला फुरसत नसते. बायका माप द्यायला येतात, बरोबर मुलं असतात. ती पायरीवर बसून मोबाइल बघतात आणि समोर ते भलंमोठं मोकळं मैदान, कडेला गुलमोहर आणि चिंच, गेटला कुलूप. मागच्या मे महिन्यात कात्रणांचं पोतं भरून दाराशी ठेवलं होतं. एका पोराने त्यातल्या चिंध्या काढून गोळा केला, दुसऱ्याने सुतळी मागितली, तिसरा कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून सायकलची फाटकी ट्यूब घेऊन आला. ट्यूबच्या बोटभर रुंदीच्या चकत्या माझ्या मोठ्या कात्रीने कापल्या (कात्रीची धार गेली ती गेलीच) आणि त्या चिंध्यांच्या गोळ्यावर आडव्या-उभ्या ताणून बसवल्या. पहिल्या पाच-सहा चकत्यांना गोळा वेडावाकडाच राहतो, मग हळूहळू गोल होतो. तासाभरात लगोरीचा उत्तम चेंडू तयार. टप्पा बेताचा आणि पाठीत बसला तरी टेनिस बॉलसारखा चटका बसत नाही. लगोऱ्यांना फुटक्या फरशीचे तुकडे मिळाले. खर्च शून्य. मग सगळी सेना चेंडू घेऊन उभी राहिली, आणि खेळायला जागाच नव्हती. फुटपाथवर मोटारसायकली, रस्त्यावर रिक्षा, सोसायटीत ‘येथे खेळू नये’ची पाटी. लगोरी फोडली की पळायला चारी दिशा मोकळ्या लागतात, भिंतीला टेकून लगोरी खेळता येत नाही. तो चेंडू दोन दिवस पायरीवर आपटत राहिला आणि नंतर गटारात गेला.

डबा ऐसपैसचं तेच. खेळाला लागतो एक रिकामा डबा. तो लांब भिरकवायचा, राज्य असलेल्याने तो आणून ठेवेपर्यंत बाकीच्यांनी लपायचं, एकमेकांचे शर्ट बदलून कोपराएवढाच भाग बाहेर काढायचा आणि राज्य घेणाऱ्याला चुकीचं नाव घ्यायला लावायचं. फुकटातलं याहून चांगलं नाटक मला तरी माहीत नाही. सोसायटीत हे खेळायला गेलं तर लपायला गाड्याच गाड्या, आणि एका गाडीवर ओरखडा उठला की सेक्रेटरी, मीटिंग, नोटीस. विटी-दांडूचं तर नावच काढू नका. आट्यापाट्यांना पाट्या आखायला माती लागते, शहरात आता पेव्हर ब्लॉक. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलामुलींच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या खो-खोचे खांब तुमच्या मैदानात दीड महिना नुसते उभे असतात.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. मुलगे निदान रस्त्यावर तरी खेळतात, ओरडा खातात, परत खेळतात. मुलगी दहा-अकराची झाली की तिचं खालचं खेळणं आपोआप बंद होतं. कुणी मुद्दाम बंद करत नाही. रस्त्यावर नको, टेरेसवर नको, अंधार पडायच्या आत घरात, जवळपास बाथरूम नाही, वर धाकट्याला सांभाळायचं, असं करत करत ती खिडकीत बसते. तिच्यासाठी भिंतीआतलं मैदान, गेटवर ओळखीचं माणूस आणि चालू स्वच्छतागृह एवढं असलं की पुरतं. त्यासाठी वेगळी योजना, वेगळं नाव, वेगळा निधी काही लागत नाही. म्हणून वर मी स्वच्छतागृहाचा मुद्दाम उल्लेख केला. मैदान उघडून संडासाला कुलूप ठेवाल तर तिथे फक्त मुलगेच येतील.

आणखी एक सूचना, ती मैदानं जवळून पाहिलेली आहेत म्हणून. गेट उघडलं की पहिल्या दिवशी मोठी पोरं बॅट घेऊन येतील, मधोमध पिच आखतील आणि लहानांना कडेला ‘कच्चा लिंबू’ म्हणून फील्डिंगला उभं करतील. तेव्हा नियम पहिल्याच दिवशी लावावा. अर्धं मैदान बॅटशिवाय. आणि सकाळचा पहिला तास फक्त दहा वर्षांखालच्यांचा. मोठी पोरं कुरकुरतील, पण सकाळी सातला त्यातली किती उठतात तेही बघू.

आता तुमच्या अडचणी. त्या खोट्या नाहीत, म्हणून एकेक घेते.

कुणी पडलं, हात मोडला तर जबाबदार कोण? ही तुमची पहिली धास्ती. सहलीला नेताना तुम्ही आमच्याकडून संमतिपत्र घेता, तसंच इथेही घ्या, आम्ही सही करू. गेटवर वही ठेवा, नाव आणि पालकांचा फोन नंबर लिहूनच आत. पोरं आज कुठे खेळतात तेही एकदा पाहा. रिक्षांच्या मधून, पाण्याच्या टाकीच्या कडेला, आणि जरा मोठी असली तर खाडीच्या बाजूला, घरी न सांगता. तिथे पडलं तर जबाबदार कुणीच नसतं, पण हात मोडायचा तो मोडतोच.

पहारेकऱ्याचा पगार. सुट्टीत एकच माणूस असतो, त्याला दोन वेळा मैदानावर लक्ष ठेवायला सांगितलं तर तो जादा पैसे मागणार, आणि त्याने मागावेतच. आम्ही गणपतीला वर्गणी काढतो, नवरात्रात काढतो. मुलांमागे थोडी थोडी काढली तरी त्याची जादा पाळी निघेल. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे मागायची नाही, हा हिशेब आमच्याकडे ठेवा, शाळेच्या खात्यात आणूच नका, म्हणजे ऑडिटची भानगड नाही.

शिक्षकांना बोलवावं लागेल, ही तिसरी शंका. अजिबात बोलवू नका. निवडणूक आली शिक्षक, जनगणना आली शिक्षक, सर्वेक्षण आलं शिक्षक. त्यांना मे महिना तरी त्यांच्या घरी घालवू द्या. लक्ष ठेवायला निवृत्त आजी-आजोबा आहेत, पाळी लावून पालक आहेत. आजोबा मंडळी नाहीतरी सकाळी सहाला कुठेतरी चकरा मारतच असतात, तुमच्या मैदानावर मारतील. मात्र त्यांना शिट्टी देऊ नका. शिट्टी मिळाली की माणूस पीटी घ्यायला लागतो.

मैदान लग्नकार्याला भाड्याने दिलेलं असतं, ही चौथी अडचण कुणी पत्रात लिहीत नाही, पण असते. शाळा चालवायला पैसा लागतो, अनुदान वेळेवर येत नाही, हे मला कळतं. मग ज्या दिवशी लग्न त्या दिवशी मैदान बंद, तसं आदल्या दिवशी फळ्यावर लिहा. केटररचा टेंपो, जनरेटरची गाडी आणि घोडा ज्या गेटमधून जातो, त्या गेटमधून उरलेल्या दिवशी पोरं गेली तर काही बिघडणार नाही. एक विनंती मात्र, मंडपवाल्याकडून खिळे आणि तारा वेचून घ्या.

कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि ग्रंथालय असावं, ग्रंथालयात गोष्टींची पुस्तकंसुद्धा असावीत, असं लिहिलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर शाळेची इमारत आणि जागा शाळेच्या वेळेबाहेर वापरावाचून पडून असेल तर ती समाजाच्या उपयोगी आणावी, असं म्हटलं आहे. त्याला ‘सामाजिक चेतना केंद्र’ असं भारदस्त नावही दिलं आहे. नाव काहीही द्या, गेट उघडलं की झालं. आणि सुट्टीत शाळा उघडणं अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही पोषण आहार द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला, आणि त्यानंतर दुष्काळाच्या वर्षी आपल्या राज्यातही सुट्टीत चुली पेटल्या. जिथे खिचडी शिजवायला शाळा उघडते, तिथे लगोरी खेळायला ती उघडणं त्यामानाने सोपं काम आहे. खेड्यांत हा प्रश्न बहुतेक ठिकाणी नाहीच, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेला अनेकदा धड कुंपणच नसतं. पोरं बिनदिक्कत खेळतात. भिंत जितकी उंच, फी जितकी जास्त, तितकं मैदान सुट्टीत ओस, असं शहरातलं चित्र आहे.

पुस्तकांचं थोडक्यात. दुपारी मैदानावर कुणी येणार नाही, विदर्भ-मराठवाड्यात तर सकाळी नऊनंतरच नाही. दुपार वाचनाची. तुमच्या कपाटातली पुस्तकं बाहेर का येत नाहीत ते मला एका मुख्याध्यापकांनी मोकळेपणाने सांगितलं होतं. पुस्तक हरवलं की नोंदवहीशी मेळ बसत नाही आणि तपासणीत उत्तर द्यावं लागतं. तर मग नियमच असा करा की मेच्या सुट्टीत मुलामागे दोन पुस्तकं घरी जातील आणि शेकड्यात काही परत येणार नाहीत हे आधीच धरलेलं असेल. फाटलेलं पुस्तक निदान कुणीतरी वाचलं तरी. मुलांनी आपसात बदलून घेतली तर दोनाची दहा होतात. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून चालू आहे, गावोगावी अशी जुनी वाचनालयं आहेत. त्यांच्या बालविभागाचे अर्ज निकालाच्या दिवशीच निकालपत्रकाबरोबर वाटले तर वेगळा खर्च नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक बहुतेक शाळांच्या माळ्यावर गठ्ठ्याने पडलेले असतात. ते खाली काढा, मोजू नका, वाटून टाका.

आणि एक गोष्ट, जी तुमच्याच मैदानावर व्हायला हवी. महाराष्ट्र सगळाच्या सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्या प्रत्येक गावावर वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. शून्य सावली दिवस. जुलै-ऑगस्टमधला दिवस ढगांत जातो, पाहायला मिळतो तो मे महिन्यातला. कोल्हापूरला साधारण ६-७ मे, पुण्याला १३-१४, मुंबई-कल्याणला १५-१६, नाशिकला २० च्या सुमारास, नागपूरला २६ मेच्या आसपास. म्हणजे राज्यभर हा प्रकार नेमका शाळेला कुलूप असताना होतो. भूगोलाच्या पुस्तकात सूर्याचं उत्तरायण शिकवायचं, आकृती काढून घ्यायची, गुण द्यायचे, आणि ते प्रत्यक्ष दिसतं त्या दिवशी सगळे घरात पंख्याखाली. खर्च काय? एक सरळ काठी किंवा उपडं ठेवलेलं फुलपात्र. आमच्याकडे साडेबाराच्या जरा पुढे, नागपूरला बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. पाच-दहा मिनिटं आधी मुलांना टोप्या घालून उभं करायचं. काठीची सावली आखडत आखडत बुंध्याशी येते आणि नाहीशी होते, पोरं स्वतःच्या पायांखाली सावली शोधायला लागतात, उड्या मारून बघतात. उडी मारली की सावली पायांपासून सुटून खाली दिसते, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मी वाचलेलं नाही, पोरांनीच शोधून काढलं. पंधरा मिनिटांत कार्यक्रम संपतो, सगळ्यांना कैरीचं पन्हं द्यायचं आणि घरी पाठवायचं. या एका दिवसासाठी तरी एखाद्या विज्ञान शिक्षकाला, त्यांची इच्छा असेल तर, तासभर बोलवा.

हे सगळं पहिल्याच वर्षी शहरभर व्हावं असं मी म्हणत नाही. एका वॉर्डात एक शाळा पुढे आली तरी पुरे. पंधरा दिवस करून पाहा. त्रास झाला तर बंद करा, आम्ही मोर्चा काढणार नाही. निर्णय मात्र एप्रिलच्या पालकसभेतच घ्या आणि सूचना गेटवर लावा, कारण मे उजाडल्यावर शिपाई गावी गेलेला असतो आणि चावी कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं.

आमच्या बाजूने सांगायचं तर संमतिपत्रं मी छापून आणते, आमच्या गल्लीतल्या वर्गणीचं मी बघते. गाळा मी दहाला उघडते, त्यामुळे आठवड्यातल्या दोन सकाळच्या पाळ्या माझ्या नावावर लिहा. मंगळवार आणि शुक्रवार चालतील. बाकीच्या वारांसाठी नावं गोळा करायला सुरुवात केली आहे.

आपली नम्र,
शाळेच्या गेटसमोरच्या गाळ्यातली एक पालक, कल्याण